छापा आणि काटा

लहानपणी नाणे उडवताना आम्ही ‘छापा की काटा’ असे विचारत असू, तेव्हा काटा म्हणजे नाण्याची दुसरी बाजू एवढाच अर्थ ठाऊक होता. गेल्या पावसाळ्यात मी ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन दाखवणारा तळहाताएवढा काटा विकत घेतला आणि तेव्हापासून घरात आलेले सुट्टे पैसे आधी त्याच्यावर चढतात, मगच डब्यात पडतात.

याची सुरुवात नाशिकच्या रविवार कारंजाजवळ भाजी घेताना हाती आलेल्या एकेक रुपयाच्या दोन नाण्यांनी झाली. एकाचे वजन ४.८५ ग्रॅम भरले, दुसऱ्याचे ३.७९. एक ग्रॅमहून अधिक तूट पाहून, टाकसाळीच्या चुकीने हलके निघालेले नाणे हाती लागले असे वाटून मला घबाड सापडल्याचा आनंद झाला. दोन्ही नाण्यांच्या व्यासातला फरक उघड्या डोळ्यांना दिसत होता, परंतु हव्यासापुढे व्यास कोण पाहतो! २०११च्या मालिकेत सरकारनेच रुपया लहान केला आणि २०१९च्या मालिकेत तो ३.०९ ग्रॅमवर आणला, हे कळल्यावर माझा शोध संपुष्टात आला. २०११च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे तर नेमके ४.८५ ग्रॅमचे आणि २५ मिलिमीटरचे, म्हणजे जुन्या रुपयाच्याच अंगलटीचे आहे. त्यामुळे नाणे हलके वाटले की आधी त्याचा सन आणि धातू पाहावा आणि त्या मालिकेचे ठरलेले वजन माहीत करून घ्यावे, एवढा धडा मी घेतला.

त्यानंतर गंगेवरची नाणी आली. (गोदावरीला गंगा म्हणण्याचा नाशिककरांचा हक्क वादातीत आहे.) रामकुंडात भाविकांनी टाकलेली नाणी मुले दोरीला लोहचुंबक बांधून बाहेर काढतात. पोलादी रुपया चुंबकाला तत्काळ चिकटतो, पितळी पाचाचे नाणे मात्र तळाशीच राहते. पाण्यात पडून राहिलेली, कुणी तरी आम्लात घासलेली, कानशीने तासलेली अशी नाणीही वजनाला कमी भरतात. पण तो टाकसाळीचा दोष नव्हे, नंतरचे भोग आहेत. अशा नाण्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो, अक्षरे फुगीरपणा सोडून बारीक होतात आणि कानशीचे ओरखडे तर भिंगाखाली लपतच नाहीत.

टाकसाळीतून निघतानाच हलके असलेले नाणे वेगळे असते. धातूची पट्टी ठरल्यापेक्षा पातळ लाटली गेली की तिच्यातून नाण्यांसाठी कापलेल्या कोऱ्या चकत्या पातळ निघतात आणि त्यांच्यावर ठसा पूर्ण उमटत नाही. झिजलेल्या नाण्याचे उंच भाग गुळगुळीत झालेले असतात. पातळ चकतीवर मात्र त्याच जागी धातूचा मूळ खरखरीतपणा शिल्लक दिसतो, कारण ठशाचा तेथे स्पर्शच झालेला नसतो. कधी एका किमतीचा ठसा दुसऱ्याच किमतीच्या चकतीवर बसतो, तेव्हा वजन थेट त्या परक्या नाण्याशी जुळते.

मला स्वतःला सापडले ते यांपैकी नव्हे. दिवाळीच्या सुमारास रिक्षावाल्याने परत दिलेल्या पाच रुपयांच्या पितळी नाण्याची कड एका जागी चंद्रकोरीसारखी आत गेलेली होती. सहा ग्रॅमऐवजी काट्याने ५.७१ दाखवले. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही की पुढची चकती आधीच्या भोकावर चढते आणि तिचा तेवढा घास नाहीसा होतो. पण असा घास घरी बसून कानशीनेही काढता येतो, म्हणून मी सराफ बाजारातल्या एका वृद्ध सराफांकडे गेलो. त्यांनी आधी वजन केले, मग डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “कापलेल्या जागेकडे काय पाहता? समोरची कड पाहा.” खरोखरच घासाच्या बरोबर समोर नाण्याची उंच किनार दोन्ही बाजूंनी फिकी पडली होती. ठसा बसण्याआधी चकती यंत्रात दाबून तिची किनार उचलली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. कानस चालवणाऱ्याला घास काढता येतो, समोरची ही फिकी किनार काढता येत नाही.

सराफकाकांना या विषयाची ओढ साहजिक होती. १९०६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा स्वतःची छाप मारलेली होती, हे त्यांनी मला दुकानाच्या पायरीवरच सांगितले. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याची मुद्रा असे नाणे आज माझ्या हाती आले असते, तर मी ते दुहेरी छापाची चूक म्हणून मोठ्या उत्साहाने वहीत नोंदवले असते.

पाचाचे ते नाणे आता काडेपेटीत कापसावर ठेवले आहे. ते कोणत्या टाकसाळीतले आहे, हे पाहण्यासाठी मी सनाखाली भिंग धरले. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची खूण म्हणजे मोकळी जागा. पण घास नेमका सनाखालीच पडलेला आहे. तेथे मुळातच काही नव्हते की जे होते ते त्या घासाबरोबर गेले, याचा निवाडा काट्यालाही करता येत नाही.