इट मधात बसते

स्मरणिकेसाठी मनोगत लिहून दे असा मेसेज आला आणि मी लगेच हो म्हटलं, पण लिहायला बसलो तर शाळा बाजूलाच राहिली आणि सगळं इंग्रजीच्या सरांवरच येऊन राहिलं. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गॅदरिंग, कबड्डीची टीम, मागची चिंचेची झाडं यावर दुसरे लिहितीलच. सरांचं नाव टाकत नाही कारण फोनवर त्यांनी बजावलं, "माह्यं नावगिव छापू नको बे", आणि आपल्यापैकी कोणाला ते सांगायची गरजही नाही.

आमच्या वेळेस इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासूनचं इंग्रजी 2000 साली आलं, तोवर आम्ही वरच्या वर्गात गेलो होतो. म्हणजे एबीसीडी शिकून तीन वर्षं होत नाहीत तर आठवीत हे टर्न ऑफ, पिक अप, थ्रो अवे असले जोडशब्द समोर आले. गाईडमध्ये त्यांची यादी असायची, एकीकडे टर्न ऑफ, दुसरीकडे बंद करणे. पोरं ते दोन शब्द एका दमात पाठ करायची आणि एका दमात पाठ केलेलं एका दमातच बाहेर येते, मग वाक्य करायची वेळ आली की टर्न ऑफ म्हणून झाल्यावर बिचारं इट मागून चिकटवायचं, टर्न ऑफ इट. सगळा वर्ग असंच लिहायचा.

सरांनी ती यादीच आमच्याकडून खोडून घेतली. वहीत लिहायचं तर टर्न इट ऑफ, पिक इट अप, पुट इट ऑन, गिव्ह इट बॅक, थ्रो देम अवे, असं मधल्या शब्दासकट लिहायचं, नाहीतर सही नाही. नियम त्यांनी नंतर सांगितला, तोही कसा, "टर्न ऑफ द फॅन म्हणा का टर्न द फॅन ऑफ म्हणा, दोनी चालते. पण फॅनच्या जागी इट आलं का त्याले मधातच बसवा. दारव्ह्याच्या एसटीत दोन मोठ्या माणसायच्या मधात लहान पोट्टं बसते का नाही? इट, हिम, हर, देम हे सारे लहान पोट्टे." मग कोणीतरी विचारलं की लांबलचक काही असलं तर, म्हणजे हेडमास्तरच्या ऑफिसमधला खिडकीजवळचा फॅन, तर सर म्हणे तो एवढा जाडा माणूस मधात कायले कोंबता, त्याले शेवटी बसू द्या, टर्न ऑफ म्हणून टाका आणि मग सावकाश फॅनचं सारं पुराण सांगा.

हे सोपं होतं. खरी पंचाईत लूक अ‍ॅट आणि वेट फॉरवाल्यांची, दिसायला तेही तसेच दोन शब्द, पण तिथं इट मधात बसत नाही, लूक अ‍ॅट इट, वेट फॉर हिम असंच म्हणावं लागते. वेट हिम फॉर म्हटलं तर मतलबच निघत नाही. मग ओळखायचं कसं?

ते ज्या दिवशी समजलं तो दिवस मला अजून आठवते. आठवीचा वर्ग तेव्हा टिनाच्या शेडमध्ये भरायचा, ज्यांनी त्या शेडमध्ये पावसाळा काढला त्यांना सांगायला नको. पाऊस सुरू झाला की बाकी सर मनातल्या मनात वाचा म्हणून खुर्चीवर बसून घ्यायचे. आपले सर फळ्यापाशी उभे राहिले आणि जोरात म्हणाले, टर्न इट ऑफ. मागच्या बेंचवर आम्ही. "काय आयकू आलं?" आम्ही ओरडलो, टर्न, ऑफ. "आन मधातलं?" नाही आलं सर. "बराबर हाय, इंग्रजाच्या तोंडातूनही तेवढंच येते!" इट तो गिळून टाकते, टर्निटॉफ, पिकिटप, पुटिटॉन असं काहीतरी कानावर पडते. मग ते लूक अ‍ॅट इट म्हणाले, पावसात फक्त लूक ऐकू आलं. वेट फॉर हिम, फक्त वेट. लिसन टू मी, फक्त लिसन. म्हणजे ज्याचा दुसरा शब्दही जोरात निघते तिथं इट मधात, ज्याचा दुसरा शब्द दबून जाते तिथं इट शेवटी. पोरं बेंच वाजवून म्हणायला लागली, पाऊस आणि आम्ही, शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

पुढच्या बेंचवरच्या एका मुलीनं (आमच्या बॅचला कळलं असेल कोण) तेवढ्यात हात वर केला, सर, लूक आफ्टर हिममध्ये आफ्टरपण ऐकू आलं, मग लूक हिम आफ्टर का नाही? दुसरे कोणी असते तर खाली बस म्हटले असते. सर एकदम खूश, म्हणे इथं माह्या नियमाचं टिनही गळते. लूक आफ्टर हिम, गेट ओव्हर इट, रन इनटू हिम, हे लांब शब्दवाले कानाला फसवतात, ते तसेच वहीत हिमसकट लिहून ठेवा. आणि बोट दाखवून, ह्याला बाहेर काढा तिला नाही असं मुद्दाम म्हणायचं असलं तर इंग्रजही कधीकधी थ्रो आऊट हिम म्हणतो, पण तुम्ही परीक्षेत म्हणू नका.

त्यांचं आवडतं उदाहरण उधारीचं होतं. रन अप तेच, पण टेकडी असली तर पळत चढायची, रन अप इट, आणि किराण्यातली उधारी असली तर वाढवत न्यायची, रन इट अप. तसंच सी थ्रू हिम म्हणजे त्याचं ढोंग ओळखणं आणि सी इट थ्रू म्हणजे हाती घेतलेलं काम शेवटास नेणं. शब्द तेच, इटची जागा बदलली की अर्थच बदलला. हे कुठल्या गाईडमध्ये होतं?

आता मी नागपूरला मिहानमध्ये एका कंपनीत आहे, परदेशातल्या कस्टमरला फोनवर सपोर्ट देतो. दिवसभर हेच चालते, स्विच इट ऑफ, टेक इट आऊट, पुट इट बॅक इन, आय विल कॉल यू बॅक. नवीन पोरं येतात, चांगली इंग्रजी मिडियमची, आणि हेडफोन लावून आय विल कॉल बॅक यू म्हणतात. समोरच्याला समजते, त्यानं काही बिघडत नाही, पण त्याच्या कानाला ते खटकते हे नक्की. दोन वर्षांपासून त्यांचं ट्रेनिंग माझ्याकडे आहे आणि मी सरांचंच करतो, यादी खोडा, लॉग मी आऊट आणि लॉग इनटू इट असं पूर्ण लिहा. स्लाइड बनवताना शोधलं तर कळलं की या जोडशब्दांचं फ्रेजल व्हर्ब हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 साली छापलं, त्यांना ते ऑक्सफर्डच्या शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं होतं. सरांना फोन करून सांगितलं तर म्हणे, "मंग त्याच्या अगोदर काय लोकं टर्न ऑफ इट म्हनत होते काय?"

मागच्या दिवाळीत शाळेत चक्कर मारली. शेड गेली, स्लॅब आला, प्रोजेक्टर लागला, चांगलंच आहे, पण आठवीच्या एका पोराची वही पाहिली तर त्यात पुन्हा तीच यादी, टर्न ऑफ बंद करणे, आणि समोर सेपरेबलला, म्हणजे मधात शब्द बसवता येते याला, टिक. त्याला म्हटलं पंखा बंद करायला सांग मला इंग्रजीत, इट वापरून. पोरगं टिककडेच पाहत राहिलं. त्याचा काही दोष नाही, पण मला फार वाईट वाटलं, आणि हे इथं लिहिल्याबद्दल शाळेनं मला माफ करावं.

कमिटीला एक विनंती, माझा पासपोर्ट फोटो छापायची गरज नाही, त्या जागी आठवीच्या वहीचं पान छापा, स्कॅन करून पाठवलं आहे. त्यात खाली तीन शब्दवाले आहेत, पुट अप विथ इट, लूक फॉरवर्ड टू इट, रन आऊट ऑफ इट, इट सगळीकडे शेवटी, आणि पुट अप इट विथ लिहिणाऱ्यासाठी सरांनी लाल शाईनं समासात मारलेला शेरा. तो वऱ्हाडीत आहे, वाचून मग छापायचं का ते ठरवा.