कारण : जन्मजात

त्या घराकडे जाताना काटेरी झाडांची एक रांग लागली. बुंध्यापासूनच लांबलचक, फाटे फुटलेले काटे. आरोग्यसेविका म्हणाली, "हे बोकेत. याच्या शेंगांनी आम्ही केस धुतो." म्हणजे शिकेकाईसारखंच की! पण ही झाडं केसांसाठी लावलेली नव्हती. त्यांच्या पलीकडे आ सो, व्हिएतनाम युद्धातला अमेरिकी सैन्याचा जुना विमानतळ. तिथल्या मातीत डायॉक्सिन हे विषारी रसायन मुरलेलं. गुरं-माणसं आत जाऊ नयेत म्हणून फुंग तुउ बोई या वनतज्ज्ञांच्या पुढाकारानं हे कुंपण उभं राहिलं.

व्हिएतनाममध्ये, ह्युए शहराच्या पश्चिमेला लाओसच्या सीमेलगत आ लुओई नावाचं खोरं आहे. मी फिजिओथेरपिस्ट. २०१८ मध्ये घरोघरी जाऊन अपंगांची काळजी घेणाऱ्यांना शिकवायला तिथे गेले होते. त्या दिवशीची पेशंट पंचवीस वर्षांची होती. स्पायना बायफिडा, म्हणजे गर्भात असतानाच मणक्याची कमान नीट न जुळणं. कमरेखाली संवेदना नाही, त्यामुळे बसून बसून बेडसोर झालेला. तिलाच कळलेला नव्हता, आईनं पाहिला. आई साठी उलटलेली. चाळीसेक किलोच्या लेकीला दिवसातून सात-आठ वेळा उचलायची, तेही कमरेतून वाकून. मी जखम तपासली आणि मग आईलाच समोर बसवलं. तिची पाठ लेकीच्या जखमेइतकीच गंभीर होती. तिच्यानंतर उचलणार कोण, हे त्या घरात कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

माझं इंग्रजी, त्याचं व्हिएतनामी, मग ता ओई ही तिथली बोली, असं आमचं बोलणं तीन पायऱ्या उतरून जात होतं. मधल्या दोन्ही पायऱ्या आरोग्यसेविकाच होती. ती त्याच गावची.

गुडघे वाकवून, लेकीला अंगाशी घेऊन कसं उचलायचं ते दाखवत होते. आई मध्येच थांबली.

"आम्ही इथे राहायला आलो तेव्हा बॉम्बच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं होतं. त्यात मासे सोडले, बदकं पाळली. हिच्या वेळी दिवस गेले होते म्हणून घरातल्यांनी मला जास्त वाढलं. त्यानं झालं का हे?"

१९६१ ते १९७१ या दहा वर्षांत अमेरिकेनं दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि पिकांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशकं फवारली. त्यांतलं सर्वाधिक वापरलेलं एजंट ऑरेंज. पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यावरून ते नाव पडलं. इथेही लोक 'चात डोक या काम' म्हणतात, नारिंगी विष. त्यातलं २,४,५-टी बनवतानाच टीसीडीडी हे डायॉक्सिन तयार होत होतं. पाने गळली, रान उघडं पडलं, विमानं गेली. डायॉक्सिन मात्र पाण्यात विरघळत नाही. ते गाळात बसतं, गाळातून माशांच्या आणि बदकांच्या चरबीत जातं, तिथून माणसात, आईच्या दुधात. नव्वदच्या दशकात कॅनडा आणि व्हिएतनामच्या संशोधकांनी याच खोऱ्यातली माती, मासे, बदकं, रक्त आणि आईचं दूध तपासलं, तेव्हा ही सगळी साखळी दिसली होती.

तरीही तिच्या प्रश्नाला 'हो' म्हणता येत नव्हतं. फॉलिक ॲसिडच्या कमतरतेनंही हा दोष होतो. एका मुलीचा मणका कशानं उघडा राहिला, ते सांगणारी तपासणी नाही.

मला संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. अमेरिकेनं १९९६ मध्ये कायदा केला की व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकाच्या अपत्याला स्पायना बायफिडा असेल, तर त्याला दरमहा भत्ता आणि उपचार मिळतील. बापाच्या किंवा आईच्या रक्तात डायॉक्सिन होतं हे सिद्ध करायची गरज नाही. संशयाचा फायदा त्या लेकरांना दिला, आणि ते योग्यच झालं. पण व्हिएतनामी पीडितांनी डाऊ, मोन्सँटो आणि इतर उत्पादकांवर केलेला दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयानं २००५ मध्ये फेटाळला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो ऐकायलाही नकार दिला. आजार तोच. फवारा ज्यांच्या डोक्यावर पडला, त्यांच्याकडेच पुरावा मागितला गेला.

माझ्या हातातल्या फॉर्मवर अपंगत्वाच्या कारणासाठी चार चौकटी होत्या : अपघात, आजार, जन्मजात, इतर. मी 'जन्मजात'वर खूण केली होती.

आई वाट पाहत होती. मी म्हटलं, "नक्की कशानं झालं ते मला सांगता येणार नाही. पण तुमची काही चूक नाही. पोटातल्या बाळासाठी तुम्ही खाल्लंत."

एवढीच दोन-तीन वाक्यं. पण आरोग्यसेविका बराच वेळ बोलत राहिली. आई ऐकत होती, मग तिनं आरोग्यसेविकेचा हात धरला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "इतकं काय सांगितलंस?"

"तुमचंच सांगितलं," ती म्हणाली. "आणि हेही, की माझ्या आईनं त्याच खड्ड्यांतले मासे खाल्ले होते. माझा धाकटा भाऊ चालत नाही."

गादीचं माप घ्यायचं राहून गेलं होतं. आम्ही दोघी परत आत गेलो.