युरोपची समूह सहल आणि पोशाखाचा निर्णय

जून महिन्यातील युरोपच्या समूह सहलीची नोंदणी झाली, व्हिसाची कागदपत्रे पोहोचती झाली आणि त्यानंतर आमच्या घरात जी चर्चा सर्वाधिक लांबली ती कपड्यांची. आम्ही तिघे जाणार होतो: मी, माझे पती आणि सासूबाई. सासूबाईंनी आयुष्यभर पाचवारी साडीच नेसली असल्यामुळे त्यांच्या बाबतीत दुसऱ्या पोशाखाचा विचार आम्ही केला नाही आणि तो करावा असे मला वाटतही नव्हते. पतींना ब्लेझर सोबत घ्यावा की नाही हे ठरत नव्हते, आणि मला कोणत्या ठिकाणी किती नीटनेटके, किती औपचारिक दिसले पाहिजे याचा अंदाज येत नव्हता.

नातेवाइकांकडून दोन प्रकारचे सल्ले मिळाले. काहींच्या मते तिकडे कोणी कोणाकडे पाहत नाही, तेव्हा जीन्स आणि टी-शर्ट पुरे. काहींच्या मते आपण परदेशात आपल्या देशाचे प्रतिनिधी असतो, म्हणून ठेवणीतले कपडे न्यावेत. दोन्ही सल्ले आपुलकीनेच दिलेले होते, परंतु दोहोंत संपूर्ण युरोप म्हणजे एकच जागा असे गृहीत धरलेले होते. रोममधील चर्च, आल्प्सचे बर्फ आणि व्हिएन्नातील संगीतसभागृह यांना एकच उत्तर लागू पडणे शक्य नाही, हे सहलीचा कार्यक्रम हातात घेऊन बसल्यावर स्पष्ट झाले.

मी वहीत प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिहिल्या: त्या दिवशी कोणत्या वास्तूच्या आत जायचे आहे, तेथे पोशाखाचा लेखी नियम आहे का, आणि मधल्या वेळेत हॉटेलवर परत येता येणार आहे का. यातील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरला. स्वतंत्र प्रवास करणारा माणूस दुपारी खोलीवर जाऊन कपडे बदलू शकतो, पण समूह सहलीत हॉटेल बहुधा शहराबाहेर असते, सकाळी निघालेली बस रात्रीच परतते, आणि मुक्काम बदलण्याच्या दिवशी तर मोठी बॅग बसच्या डिकीत बंद असते. म्हणून दिवसभरात जी जागा पोशाखाबाबत सर्वांत कडक असेल, तिच्यासाठी योग्य असे कपडे सकाळी निघतानाच अंगावर असायला हवेत, या निष्कर्षापर्यंत मी आले. हे एकदा मनाशी पक्के झाल्यावर उरलेला निर्णय पुष्कळच सोपा झाला.

सहलीचा आरंभ रोमने होणार होता. तेथे व्हॅटिकन संग्रहालये, सिस्टिन चॅपेल आणि सेंट पीटर्स बॅसिलिका पाहायची होती, आणि या तिन्ही ठिकाणी स्त्री-पुरुष दोघांनाही खांदे व गुडघे झाकलेले असणे आवश्यक असते. बिनबाह्यांचे कपडे, गुडघ्यांच्या वरच राहणारी चड्डी किंवा आखूड स्कर्ट चालत नाही आणि पुरुषांना आत टोपी काढावी लागते. आपल्याला यात नवीन काही नाही, कारण जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकातही अंगभर कपड्यांची अपेक्षा असते आणि आपल्या अनेक देवस्थानांतही तसे फलक लावलेले आपण पाहतो. अडचण नियमाची नसून उन्हाची असते. जूनमधील दुपारी रोमचे तापमान तिशीच्या आसपास जाते, सकाळी कलोसियमच्या परिसरात सावली जवळजवळ मिळत नाही, आणि सेंट पीटर्सच्या चौकातील सुरक्षा तपासणीची रांगही उघड्यावरच असते. अशा वेळी आखूड आणि सुटसुटीत कपड्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. मी सुती लांब कुर्ता आणि सैल पायजमा निवडला, तर पतींनी पातळ सुती पँट आणि अर्ध्या बाह्यांचा कॉलरचा शर्ट घातला. सासूबाईंच्या कोपरापर्यंत बाह्या असलेल्या ब्लाऊजला आणि पदर नीट पिन केलेल्या साडीला कोणी क्षणभरही अडवले नाही. आमच्या बसमधील काही तरुण मुलींनी टूर मॅनेजरच्या सांगण्यावरून पिशवीत ओढण्या ठेवल्या होत्या आणि त्या त्यांनी दारापाशी खांद्यांवर घेतल्या. खांद्यांसाठी हा उपाय चांगला आहे, गुडघ्यांसाठी मात्र ओढणी कमरेला गुंडाळून गर्दीत चालणे त्रासाचे होते.

रोमबाबत पादत्राणांचाही विचार कपड्यांइतकाच गांभीर्याने करावा लागतो. जुन्या भागातील रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, त्यांच्यामधील फटींत टाच अडकते आणि दिवसभराचे चालणे मैलांत मोजावे लागते. सासूबाईंना साडीवर बूट घालणे प्रथम पसंत नव्हते, कारण त्यांच्या दृष्टीने ते अव्यवस्थित दिसणे होते, आणि त्यांची ही भावना मला पूर्णपणे मान्य होती. आम्ही काळ्या रंगाचे, वरून साधे दिसणारे चालण्याचे बूट घेतले, साडीला आधीच फॉल लावलेला असल्याने ती नेहमीपेक्षा दोन बोटे वर नेसून निऱ्या नीट बसवल्या, आणि घराजवळच्या बागेत त्यांनी आठवडाभर तसा सराव केला. सरकत्या जिन्यावर काठ उचलून धरायचा आणि बसच्या उंच पायऱ्या उतरताना निऱ्या डाव्या हातात घ्यायच्या, हेही त्यांनी सरावात बसवले.

फ्लॉरेन्स आणि पिसा येथील कॅथीड्रलनाही हेच नियम लागू असल्यामुळे तेथे वेगळा विचार करावा लागला नाही. व्हेनिसच्या दिवसाचे गणित थोडे निराळे होते. आमचा मुक्काम व्हेनिस बेटांसमोरच्या मुख्य भूमीवरील मेस्त्रे येथे होता. बस त्रोंकेत्तोच्या धक्क्यापर्यंतच जाते आणि पुढे बोटीने सेंट मार्क चौकात उतरावे लागते. एकदा बेटावर गेल्यावर संध्याकाळपर्यंत परतण्याचा मार्ग नाही. सेंट मार्कच्या बॅसिलिकात खांदे व गुडघे झाकण्याचा नियम आहेच, पाठीवरची मोठी पिशवीही आत नेता येत नाही. पोहण्याच्या पोशाखात किंवा उघड्या अंगाने शहरात फिरल्यास व्हेनिसमध्ये दंड होतो, हे मला विशेष योग्य वाटले, कारण पर्यटकांचे गाव झाले तरी ते तेथील लोकांचे राहते गाव आहे.

खऱ्या अर्थाने औपचारिकतेचा प्रश्न उभा राहिला तो व्हिएन्नात. दुपारी शॉनब्रुन राजवाडा, त्यानंतर लवकर जेवण आणि लगेच मुझिकफेराइनच्या सुवर्ण सभागृहात मोझार्टच्या संगीताची मैफल असा कार्यक्रम होता. हे सभागृह १८७० साली सुरू झाले आणि दरवर्षी १ जानेवारीला जगभर प्रक्षेपित होणारी नववर्ष मैफल येथेच होते. पर्यटकांसाठीच्या उन्हाळी मैफलीत सूट किंवा गाऊनची सक्ती नसते, हे मी आधी चौकशी करून ठेवले होते. तरीही सक्ती नसणे आणि औचित्य नसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. सवाई गंधर्व महोत्सवात आपण चुरगळलेल्या कपड्यांनी जात नाही, ते कोणी दारात अडवील म्हणून नव्हे, तर समोर बसलेल्या कलावंताविषयी मनात आदर असतो म्हणून. व्हिएन्नातील त्या मैफलीत तर वादक अठराव्या शतकातील पोशाख आणि केसांचे टोप घालून बसतात. त्यांच्यासमोर धावण्याच्या बुटांनी आणि घोषवाक्ये छापलेल्या टी-शर्टने बसणे मला पटले नसते.

माझी पहिली इच्छा पैठणी नेसण्याची होती. परंतु भरजरी पदराच्या पैठणीची घडी रोज उघडणाऱ्या बॅगेत दाबली जाते, जरीची तार मोडण्याची भीती असते आणि डाग पडल्यास प्रवासात ती धुता येत नाही. शिवाय ती दुपारपासून अंगावर ठेवून राजवाड्याची दालने पाहायची होती. मी गडद निळ्या रंगाची माहेश्वरी निवडली. रेशीम आणि सूत यांच्या मिश्र विणीमुळे ती वजनाला हलकी असते, तिची घडी लहान होते आणि दिव्यांच्या प्रकाशात तिला सुरेख झळाळी येते. दुपारी तिच्यावर साधी शाल आणि कानांत लहान कुड्या होत्या. मैफलीपूर्वी जेवणाच्या ठिकाणी मी मोत्यांची माळ घातली, केस पुन्हा बांधले आणि पर्समधील सपाट बंद चपला पायांत घातल्या. पतींनी ब्लेझर दुपारी बसमध्ये टांगून ठेवला होता, तो त्यांनी संध्याकाळी घातला, टाय मात्र घातला नाही. सासूबाईंनी त्यांची जांभळी नारायणपेठ नेसली होती. मध्यंतरात एक वयस्कर ऑस्ट्रियन बाई त्यांच्या साडीचा काठ निरखून पाहत होत्या आणि त्यांनी हाताने खूण करून तो सुंदर असल्याचे सांगितले, तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावरील समाधान पाहण्यासारखे होते. प्रेक्षकांत गडद सूट घातलेले लोक होते, साधा शर्ट घातलेलेही होते, आणि आम्ही कोठेही कमी किंवा जास्त वाटलो नाही. जाड कोट आणि पाठीवरच्या पिशव्या अशा सभागृहांत बाहेरील कक्षात जमा कराव्या लागतात, त्यामुळे थंडीसाठी घेतलेले साधे जाकीट आत दिसेल ही चिंता करण्याचे कारण नसते.

स्वित्झर्लंडमध्ये औपचारिकतेचा प्रश्न पूर्णपणे मागे पडला. आल्प्समधील युंगफ्राउयोखचे रेल्वे स्थानक ३४५४ मीटर उंचीवर आहे आणि जूनमध्येही तेथे तापमान शून्याच्या आसपास असते. सासूबाईंनी परकराच्या आत लोकरी थर्मल आणि जाड मोजे घातले, वर गुडघ्यांखाली पोहोचणारा कोट घेतला आणि बर्फाने ओला होणारा काठ लवकर वाळावा म्हणून त्या दिवशी सिंथेटिक साडी नेसली. हिमनदीच्या आत कोरलेल्या बर्फमहालात त्या माझा हात धरून चालल्या, आणि साडीमुळे कोठे अडले नाही.

पॅरिसमध्ये दोन संध्याकाळी होत्या. सीन नदीवरील साध्या बोटीच्या फेरीला पोशाखाची कोणतीही अट नसते, उघड्या डेकवर वारा लागतो एवढेच लक्षात ठेवायचे. दुसऱ्या संध्याकाळी ऐच्छिक कार्यक्रम म्हणून मूलां रूज या कॅबरे नृत्यगृहातील प्रयोग होता. १८८९ पासून चालत आलेल्या या ठिकाणी आखूड चड्डी, खेळाचे कपडे आणि रबरी चपला चालत नाहीत, टाय आवश्यक नसला तरी ब्लेझरचे स्वागत होते. सासूबाई हॉटेलवर थांबणार होत्या, आणि आम्ही दोघांनी व्हिएन्नाचेच कपडे पुन्हा वापरले. पॅरिसमध्ये जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे निघताना बाहेर लख्ख उजेड होता आणि बसमधील काही जणांना एवढे तयार होणे अवेळी वाटले. आत गेल्यावर मंद दिवे, पांढरे टेबलक्लॉथ आणि नटूनथटून आलेले पाहुणे पाहून तो संकोच राहिला नाही.

सहलीच्या अखेरच्या रात्री समूहाचे निरोपाचे जेवण होते. तेथे सर्वजण आपल्याच माणसांत होते, त्यामुळे बायकांनी हौसेने साड्या नेसल्या, पुरुषांनी कुर्ते घातले, आणि मीही बॅगेच्या तळाशी नीट राहिलेली सुती इरकल त्या रात्रीसाठी बाहेर काढली. एकूण औपचारिक म्हणावेत असे माझे कपडे एका जोडापुरते होते, सासूबाईंची एक साडी आणि पतींचा एक ब्लेझर. तो ब्लेझर त्यांनी जाताना आणि येताना विमानात अंगावरच ठेवला, त्यामुळे बॅगेत त्याला जागा द्यावी लागली नाही.