दावोसमध्ये भेटलेला अजिंठा

किर्शनर या जर्मन चित्रकाराचे डोंगर जांभळे आणि गुलाबी आहेत. छापील पुस्तकात ते पाहताना मला नेहमी वाटायचं की हा माणूस रंगांच्या बाबतीत जरा हट्टीपणा करतो. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला मूळ चित्रांसमोर उभी राहिले आणि ते मत बदललं. संध्याकाळी उन्हं उतरताना इथले डोंगर खरोखरच तसे दिसतात, आणि जिथे दिसत नाहीत तिथे ते तसे असायला हवे होते असं चित्र पाहून पटतं.

झ्युरिकला भाच्याकडे गेले होते. तिथले दिवस तळ्याकाठी फिरण्यात आणि घरी पिठलं-भात करण्यात गेले. त्याला मला एखाद्या बर्फाच्या शिखरावर न्यायचं होतं. "मावशी, इतक्या लांब येऊन संग्रहालय कशाला?" असं म्हणत का होईना, तो सोबत आला. लांडक्वार्टला गाडी बदलून छोट्या लाल रेल्वेत बसायचं, मग गाडी वळणं घेत चढत राहते. प्रवास सुंदर आहे, पण माझं लक्ष पोहोचण्याकडे होतं.

किर्शनर म्युझियम 1992 मध्ये उघडलं. ॲनेट गिगॉन आणि माइक गायर या वास्तुविशारदांनी काच आणि काँक्रीटच्या साध्या पेट्या मांडाव्यात तशी ती इमारत केली आहे. सपाट छतातून उजेड घेतला असता तर हिवाळाभर बर्फाने तो झाकला असता, म्हणून काचा वरच्या बाजूच्या भिंतींना आहेत. त्यातून येणारा मऊ उजेड चित्रांवर पडतो. गर्दी नव्हती. मला अशीच संग्रहालयं आवडतात. एका चित्रासमोर पंधरा मिनिटं उभं राहिलं तरी मागून कुणी ढकलत नाही.

अर्न्स्ट लुडविग किर्शनरने 1905 मध्ये ड्रेस्डेनला मित्रांसोबत 'ब्र्युके' हा चित्रकारांचा गट काढला. जर्मन अभिव्यक्तिवादाची, म्हणजे दिसतं तसं नव्हे तर मनाला वाटतं तसं रंगवण्याची, सुरुवात तिथून मोजतात. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला आणि मनाने पार कोसळला. 1915 च्या आत्मचित्रात त्याने स्वतःचा उजवा हात तोडलेला रंगवला, प्रत्यक्षात हात शाबूत असताना. 1917 मध्ये उपचारांसाठी पहिल्यांदा दावोसला आला, आणि पुढे इथलाच झाला. गुराखी, कुरणं, विझनचा रेल्वेपूल, सगळं त्याने रंगवलं. 1937 मध्ये नाझींनी जर्मनीतल्या संग्रहालयांमधून त्याची 639 चित्रं आणि कामं 'भ्रष्ट कला' म्हणून काढून नेली. पुढच्या वर्षी 15 जूनला त्याने इथेच आयुष्य संपवलं. हा आकडा वाचल्यावर मी बाकावर बसले. एका माणसाच्या आयुष्यातली 639 कामं!

पण मी गेले होते ते दुसऱ्याच कारणासाठी. मी जळगावची. शाळेच्या सहली अजिंठ्यालाच जायच्या. आणि किर्शनरने तरुणपणी ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे छापील खंड पाहून त्यावरून रेखाटनं केली होती, हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं. 1911 च्या सुमारास त्याने रंगवलेल्या, तळ्याकाठी स्नान करणाऱ्या बायकांच्या चित्रावर तो ठसा स्पष्ट आहे. ते चित्र बर्लिनला आहे. पण दावोसलाही एका रेखाटनासमोर मी थबकले. कमरेत किंचित वळलेली स्त्री, खांद्यापासून कोपरापर्यंत न तुटता आलेली एकच रेघ. छाया-प्रकाश नाही, तरी अंग भरलेलं. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हेच तर साधलं होतं, आणि किर्शनरला भुरळ पडली तीही याचीच. हा माणूस इतरांचं ऋण सहजी मान्य करणारा नव्हता. नॉर्वेचा चित्रकार मुंक याचा प्रभाव त्याने झिडकारला, स्वतःची चित्रं आधीची वाटावीत म्हणून त्यांवर मागच्या तारखाही टाकल्या. अजिंठ्याचं ऋण मात्र त्याने मोकळेपणाने सांगितलं. माझे डोळे भरून आले.

ते खंड 1896-97 मध्ये निघाले, जॉन ग्रिफिथ्स यांच्या नावाने. ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक. 1872 पासून पुढे बरीच वर्षं ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि ती मुलं अंधाऱ्या लेण्यांत बसून चित्रांच्या प्रती करत. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. लंडनला पाठवलेल्या पुष्कळ प्रती तिथल्या आगीत जळाल्या. म्हणजे ड्रेस्डेनमधल्या त्या तरुणापर्यंत अजिंठा पोहोचला तो मुंबईच्या या मुलांच्या हातून. कलेच्या इतिहासात 'भारतीय प्रभाव' एवढे दोन शब्द येतात, आणि त्यात हे सगळे हात बुडून जातात. याचा मला फार राग येतो.

दालनात बसलेल्या बाईंना मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. भाच्याने मध्ये पडून जर्मनमध्ये नीट समजावलं, आणि फोनवर पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो निरखला, मग रेखाटन पाहिलं, पुन्हा फोन पाहिला. "ही चित्रं अजून आहेत?" त्यांनी विचारलं. आहेत, म्हटलं, दीड हजार वर्षं झाली, मंद उजेडात आहेत, या एकदा. बाहेर पडल्यावर भाचाच म्हणाला, "मावशी, पुढच्या सुट्टीत अजिंठ्याला नेशील?"

संग्रहालय अगदी मुख्य रस्त्यावर आहे, बेल्वेडेर या मोठ्या हॉटेलासमोर. जानेवारीत जागतिक आर्थिक परिषद भरते तेव्हा जगभरचे पुढारी आणि उद्योगपती याच रस्त्यावरून ये-जा करतात, आणि महाराष्ट्राचं शिष्टमंडळही सामंजस्य करार करायला याच गावात येतं. माझी मनापासून मागणी आहे: त्यांनी एक तास काढून इथे यावं, आणि जमलं तर जे. जे.च्या त्या विद्यार्थ्यांच्या प्रतींचं एक प्रदर्शन या दालनात किर्शनरशेजारी लावण्याचा करारही करावा.