आल्टोबेलो अपडेट : हसणं सुटलं, आता हात

मंडळी, मी क्लेमध्ये घडवतोय तो 'गॉडफादर'मधला म्हातारा एकदाचा हसला. डोकं बेक झालं, थंड झालं, कानामागं एक केसाएवढी भेग सोडली तर कुठं तडकलं नाही. फोटो सावकाश टाकतो, आधी कहाणी ऐका, कारण ह्या हसण्यानं माझा अख्खा पावसाळा खाल्लाय.

मागच्या अपडेटला सूट झाला होता, ऑपेरा बॉक्सचा, म्हणजे थिएटरातल्या खाजगी सज्जाचा, कठडा अर्धा रंगवला होता आणि शेवटी मी लिहिलं होतं की आता फक्त चेहरा राहिलाय. जे नवीन आलेत त्यांच्यासाठी : वन-सिक्स्थ, म्हणजे खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश मापाची फिगर, गॉडफादर पार्ट थ्री (१९९०), डॉन आल्टोबेलो, म्हणजे इलाय वॉलाक. १९६६ मध्ये 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'त टूको करणारा हाच माणूस, इथं पंचाहत्तरीला टेकलेला. ज्यांना पार्ट थ्री आवडत नाही त्यांनी नका आवडून घेऊ, पण हा म्हातारा पुन्हा एकदा बघा. माफिया फॅमिलीचा डॉन मायकल आणि त्याचा वैरी झाझा ह्यांच्या भांडणात मध्यस्थ म्हणून फिरतो, अटलांटिक सिटीच्या मीटिंगमधनं झाझाला समजावतो म्हणून उठून जातो आणि मागं हेलिकॉप्टरमधनं गोळ्या सुरू. आवाज चढवत नाही, बंदूक धरत नाही, सगळ्यांचा लाडका म्हातारा.

आता अडचण सांगतो. वन-सिक्स्थला डोकं साधारण चार सेंटीमीटर, डोळा चार मिलिमीटर, बुबुळ जेमतेम दोन. एवढ्याशा जागेत कावेबाजपणा दाखवायचा कसा? मी आपलं पुस्तकी धरून चाललो. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्ये एका बोळक्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेचे झटके देऊन फोटोसकट दाखवलं होतं की खोट्या हसण्यात फक्त ओठांचे कोपरे वर जातात, ते आपण ठरवून करू शकतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू सहसा मनात आनंद असल्याशिवाय हलत नाही. म्हटलं झालं काम, आल्टोबेलो खोटारडा, म्हणजे ओठ हसवायचे आणि डोळे थंड ठेवायचे. तसंच केलं. आणि काय सांगू, जे काही तयार झालं ते बघून लहान पोरगं पण म्हणंल की हा व्हिलन आहे. असल्या माणसाकडनं कोण चहा पण घेणार नाही, मग अख्ख्या फॅमिलीनं ह्याच्यावर वर्षानुवर्षं विश्वास का ठेवला असता?

म्हणून मग उलटं केलं. खालची पापणी वर ढकलली, तिथं कागदाच्या जाडीचा फरक पडला तरी माणूस बदलतो बरं का, डोळ्याच्या कोपऱ्याला सुरकुत्या ओढल्या, गाल वर घेतले. झकास म्हातारा झाला, एवढा गोड की त्याला मी स्वतः पेन्शनच्या लायनीत जागा दिली असती. पण व्हिलन गेला ना! मग सुरू झाली नसती खटपट, एक भुवई जरा वर, एक ओठाचा कोपरा जरा खाली, डाव्या पापणीवर एक्स्ट्रा मांस, आणि दर वेळी एकतर पक्षाघात झाल्यासारखा दिसायचा नाहीतर परत तोच थर्ड क्लास व्हिलन. क्ले मऊ पडून शेवटी सुरकुतीच धरेना, फ्रिजमध्ये ठेवायला लागायचं, त्यावरनं घरात भाषण ऐकलं ते वेगळं.

सुटलं ते भलतीकडंच. आमच्या गल्लीत एक तात्या आहेत, पूर्वी बैलांची दलाली करायचे, वडगावच्या जनावरांच्या बाजारात ह्यांचं नाव होतं. त्यांना सहज विचारलं, टॉवेलाखाली बोटं धरून सौदा कसा करायचा ते दाखवा की. त्यांनी पंचा टाकला, माझा हात धरला, आणि हसत हसत घरचं विचारायला लागले, आई कशी आहे, पोराची शाळा काय म्हणतीय, अगदी मनापासून हो, डोळ्याच्या कडा भरून हसणं. आणि खाली पंच्यात त्यांची बोटं माझी बोटं अशी काय दाबत होती की बास, दोन बोटं धरली, सोडली, परत अख्खी मूठ, एक पैसा पण सोडायचा नाही असा हात. वरच्या चेहऱ्याला त्या हाताची खबरच नाही. मी घरी येऊन पहिलं काय केलं असेल तर डोक्यावरचं सगळं एक्स्ट्रा उकरून काढलं. चेहरा खरा हसू दे. धंदा हातात.

आणि हात तर सिनेमात तयारच आहे की! मायकलची बहीण कॉनी बॉक्समध्ये विष घातलेल्या कॅनोलीचा (तळलेल्या नळीत गोड सारण भरलेली इटालियन मिठाई) डबा घेऊन येते तेव्हा हा लगेच तुटून पडत नाही, आधी तिला खायला लावतो. तू वाळलीयस, तू खा, असं लाडानं. तीच त्याची धर्मपुत्री, आणि तिच्यावरच चाचणी. ती पण त्याच्याच तालमीतली, चावा घेते बिनधास्त. मग हा निवांत खातो, आणि ती लांबनं दुर्बिणीतनं बघत बसते. मी आतापर्यंत एकट्या आल्टोबेलोचा, खाताना डोळे मिटत चाललेला, असा सीन करत होतो. तो कॅन्सल. आता तो उजवा हात पुढं करून कॅनोली देतोय असा करतो.

हे लिहिता लिहिताच सुचलं, कॉनी करायचीच नाही. बॉक्स पुढून उघडा ठेवायचा आणि कॅनोली सरळ बघणाऱ्याच्या तोंडासमोर. तिच्या जागी आपण. म्हणजे दुसऱ्या फिगरचा खर्च वाचला, तिच्या ड्रेसचं झंझट वाचलं आणि कठड्याचा पुढचा भाग जो मी मरमर करून सोनेरी केला तो कापावा लागणार, जाऊ दे.

बाकी किरकोळ. म्हाताऱ्यांच्या बुबुळाभोवती जे राखाडी कडं येतं ते घातलंय, पातळ रंगात, वरनं यूव्ही रेझिनचा थेंब. एवढ्या एका गोष्टीनं वयात दहा वर्षं वाढली, सुरकुत्यांपेक्षा जास्त काम ते कडं करतं. कानशिलं आत दाबा, लोक नेहमी विसरतात आणि मग पांढऱ्या केसांचा तरुण माणूस तयार होतो.

कॅनोली मात्र लई भारी जमली. क्लेची पातळ पोळी पेनच्या रिफिलवर गुंडाळली, टूथब्रशनं आपटून तळल्याचे फोड काढले, बेक करायच्या आधी ब्राऊन पेस्टलची पूड ब्रशनं फिरवली, आत पांढरी क्ले, वर टाल्कम. दोन सेंटीमीटर लांब. आई म्हणाली सुरळीच्या वड्या तळल्यास का रे? मी तेवढ्यावर दिवसभर खुश.

बुटाचं चामडं आपल्या कोल्हापुरातल्या सुभाषनगरमधनं. एका चप्पलवाल्या मामांनी रापीनं तासून इतकं पातळ करून दिलं की उजेड आरपार दिसायला लागला, पैसे घेईनात, शेवटी चहावर मिटवलं. ऑनलाइन जे 'मिनिएचर लेदर' म्हणून विकतात ते बऱ्याचदा निव्वळ रेक्झीन असतं, बघून घ्या. मखमल अजून सुटलेली नाही. महाद्वार रोडवर फिरलो, रंग एक नंबर, पण ह्या स्केलला त्याचे केस गवतासारखे उभे राहतात. आता कापडाच्या उलट्या बाजूवर फ्लॉकिंग पावडर, म्हणजे बारीक तंतूंची पूड, टाकून बघणार. आणि एका सप्लायरनं क्लेचा जो लॉट पाठवला तो आधीच अर्धा कडक होता, फोन केला तर म्हणतो मळा की साहेब. साहेबांचे अंगठे गेले मळून.

आता हात. बोटं वायरच्या आर्मेचरवर, म्हणजे आतल्या सांगाड्यावर, सुरू केलीत, अंगठा आणि तर्जनीत कॅनोली हलकी धरायची, पण बाकीची तीन बोटं आत वळलेली हवीत, तात्यांच्या पंच्यातल्यासारखी. दोन-चार दिवसांत परत त्यांच्याकडं जाऊन हाताचे फोटो काढणार, ह्या वेळी पंचा न टाकता. हाताच्या शिरा तुम्ही बेकच्या आधी ओढता की नंतर एपॉक्सी पुटीनं चढवता? मला पुटीच बरी वाटतीय, पण ती सेट व्हायच्या आत काम उरकायला लागतं आणि आमच्याकडं सध्या लाईट कधी जाईल नेम नाही. कुणाकडं ५/० चा, म्हणजे एकदम बारीक टोकाचा, चांगला ब्रश जास्तीचा असेल तर कळवा, माझ्याचं टोक त्या राखाडी कड्यातच शहीद झालं.