हात सांगालाय

"घेणार की ओ तुम्ही! हात सांगालाय."

बेळगावच्या शहापुरात रताळी विकणाऱ्या मावशींनी आज मला एका वाक्यात उघडं पाडलं. भाव ऐकून मी तोंड वाकडं केलं, निघाल्यासारखंही केलं. फक्त हातातलं मातकट रताळं खाली ठेवलं नव्हतं.

पुण्यात सहा वर्षं मित्रांसोबत पोकर खेळलो. पहिल्या दोन पानांत दोन एक्के यायची शक्यता २२१ त १. आले तरी पापणी हलू द्यायची नाही, हे घोटवलेलं. (बायको म्हणते, घरी तरी हलव!) बदली झाली, बेळगावात आलो, कंपू सुटला. चोर्ला घाट उतरलं की पणजी, पण तिथल्या कॅसिनोत एकट्यानं जाववत नाही. शनिवारी रात्री पत्ते काढतो, पिसतो, परत ठेवतो.

मावशींनी माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. पुण्यातले ते लेकाचे माझे हात बघत असतील का हो?