कमलाबाई गोखले : मोहिनीच्या पुढचं

सांगलीत रंगभूमीचा विषय निघाला की विष्णुदास भावे, १८४३ चं ‘सीतास्वयंवर’, हरिपूरचे देवल ही नावं आपसूक येतात. भारतीय सिनेमातल्या पहिल्या अभिनेत्रींपैकी एक असलेल्या कमलाबाई गोखल्यांचं नाव निघालंच, तर नातू विक्रम गोखले यांच्यामुळे. खरं तर कमलाबाईंचे चिरंजीव चंद्रकांत गोखले १९२१ साली मिरजेत जन्मले. बाई या मुलखाला परक्या नाहीत.

जन्म १९०० चा, आणि चौथ्या वर्षापासून रंगमंच. १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या मोहिनी झाल्या, आई दुर्गाबाई कामत पार्वती. त्याच वर्षी आधी आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये बाई मिळेना म्हणून तारामती अण्णा साळुंके यांनी केली होती. एवढं सगळे सांगतात. मोहिनी साकारायला काय लागत होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. कपाळावरचं कुंकू काळंभोर उमटायचं, गालांना लाली लावली की गाल खपाटीला गेल्यासारखे दिसायचे, आणि निळं लुगडं पांढुरकं पडायचं. म्हणजे नाटकातली रंगभूषा जशीच्या तशी नेऊन भागत नसे. कॅमेरा हाताने फिरवायचा: हँडलच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम, सेकंदाला साधारण दोन फेरे. हात मंदावला की पडद्यावर माणसं धावत सुटल्यासारखी दिसत. नाचणाऱ्या मोहिनीची लय त्यामुळे तिच्या पायांइतकीच हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून. आवाज तर नाहीच. भस्मासुराने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायचा, तो तिच्या नुसत्या मुद्रेने.

नाटकात सगळं उलट. माईक नाही, पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे, वन्स मोअर आला तर तेच पद पुन्हा तेवढ्याच दमाने, आणि लगेच पुढचं गद्य. ही दोन्ही कामं एकाच मुलीने तेराव्या-चौदाव्या वर्षी केली, तीही कंपनीत बायकांच्या भूमिका पुरुषांनीच करायची रीत असताना. माझ्या मते हे ‘पहिली’ या बिरुदापेक्षा मोठं आहे.

पुढे रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं आणि ऐन पंचविशीत वैधव्य आलं. पदरी तीन मुलगे. बाईंनी काम सोडलं नाही. चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. बाई स्वतः ‘गहराई’मध्ये, १९८० साली, कॅमेऱ्यापुढे होत्याच.